धुरा रेडिओचं नाव

केनवड, ता. रिसोड
१७ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार मनापासून आहे, रागही मनापासून आहे, पण तो तुझ्यावर नाही. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि कोणीतरी एक फोन ठेवून देतो, म्हणून लिहायला बसले. कागदावर तुला माझं बोलणं तोडता येत नाही.

आपला धुरा रेडिओ ॲपवरून काढून टाकला, दादा. सोमवारी संध्याकाळी कार्यक्रम सुरू करायला बसले तर पानच उघडेना. मग ईमेल पाहिला. पुण्याच्या एका कंपनीनं तक्रार केली आहे की ‘धुरा’ हे नाव त्यांचं, त्यांनी ट्रेडमार्कचा अर्ज केला आहे, आणि त्या नावाचं त्यांचं गावाकडच्या गोष्टींचं चॅनल येत आहे. म्हणे आम्ही लोकांची दिशाभूल करून राहिलो! टाळेबंदीत तांड्यावरची माणसं उसाच्या फडात अडकली, तेव्हा कोठीच्या खोलीत फोन आणि आवाज घुमू नये म्हणून घोंगडी घेऊन मी हे सुरू केलं. तेव्हा ही कंपनी कुठं होती?

वेळ पण कशी साधली. दिवाळी झाली, टोळ्या नुकत्याच ऊसतोडीला गेल्या. संध्याकाळची ‘पोरांची हाक’ तुला माहीत आहे. आजी-आजोबांजवळ राहिलेली लेकरं रेडिओवर कविता म्हणतात, भांडण सांगतात, आणि तिकडे फडात त्यांचे आईबाप ऐकतात. फोनवर बोलता येतं, नाही असं नाही. पण रेडिओवर आपलं लेकरू चारचौघांत बोलतं, त्याचा मान वेगळा. मंगळवारी एका पोरानं मला विचारलं, की ताई, आज माया आईनं ऐकलं काय? काय सांगू मी त्याले?

बाबा म्हणतात, वकील पाहा. तुझं काय म्हणणं ते लवकर लिही. वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ राहू दे, आणि थोडा धीर उसना दे, परत करीन.

तुझी,
वैजू

* * *

नागपूर
२४ नोव्हेंबर २०२४

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून मलाही संताप आला, पण मी विमा कचेरीत वीस वर्षं काढलेला माणूस आहे, संतापाचं पुढे काय होतं ते रोज पाहतो. त्यांच्याकडे वकिलांची फौज असेल. तुझ्याकडे एक खोली, एक घोंगडी आणि बाबा. शाळेची नोकरी सांभाळून तू किती खेपा घालणार?

माझं ऐकशील तर नाव बदल. नाव बदलल्यानं आवाज बदलत नाही. उद्या ‘केनवड वाणी’ म्हण, लोक आठ दिवसांत ओळखू लागतील. तुला माघार वाटेल, पण मी तिला शहाणपण म्हणतो. तुझी चेष्टा मी पुष्कळ केली, हे मात्र काळजीनं लिहितो आहे.

बाबांच्या गुडघ्यांना तेल चोळत जा. उत्तर पाठव, रागाचं असलं तरी चालेल.

तुझा,
हरीओम

प्रिय वैजूताई,

तुमच्या दादांनी पत्र पाकिटात घालायला दिलं, ते मी वाचलं आणि खाली जागा होती म्हणून लिहिते. ‘केनवड वाणी’ ऐकून मला तर झोपच आली. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं, आठवतं? ‘हर्षदा’. मी तेव्हाच हळूच सांगितलं होतं, की या नावानं हाक मारली तर मी ओ देणार नाही. पहिला महिना घरात हर्षदाला पुष्कळ हाका झाल्या. एकीलाही ओ आली नाही. आज मी साधनाच आहे. दादांना विचारा, संसारात काही कमी पडलं का.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
साधना

* * *

केनवड
२२ डिसेंबर २०२४

ती. दादास आणि सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. वहिनीला दोन नमस्कार, दादाला एक.

शाळेला सुटी टाकून बाबा आणि मी वाशीमला राजपाल वकिलांकडे गेलो. त्यांनी समजावलं ते असं. अर्ज केला म्हणजे नाव मिळालं, असं नसतं. सरकार तो अर्ज आधी आपल्या जर्नलात छापतं आणि ज्याला हरकत असेल त्याला मुदत देतं. कंपनीचा अर्ज छापून आला आहे, मुदत अजून आहे. आणि एखाद्यानं नाव आधीपासून, न थांबता वापरलं असेल, तर मागून येणाऱ्याला नोंदणीच्या जोरावर ते त्याच्याकडून काढून घेता येत नाही. मात्र आधीपासून वापरलं हे दाखवावं लागतं. मी विचारलं, कसं? ते म्हणाले, जुनी रेकॉर्डिंगं आहेतच. आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी शपथेवर सांगायचं.

आपली हरकत दाखल झाली. रेडिओ दुसऱ्या लिंकवर सुरू केला. पण वकिलांनी बजावलं, की निकाल लागेपर्यंत तुम्ही स्वतः नाव उच्चारू नका, त्यांना दुसरी तक्रार करायला जागा नको. पहिल्या संध्याकाळी मी ‘नमस्कार, तुम्ही ऐकत आहात…’ म्हटलं आणि थांबले. पुढे काय म्हणू?

मग कार्यक्रमातच फोन आला तो कमलीबाईचा. पोहरादेवीच्या अलीकडच्या बंजारा तांड्यावरची कमलीबाई, जिच्या होळीच्या लेंगी गीतांसाठी लोक आपला रेडिओ लावतात. या वयातही ती उसाच्या फडात गेली आहे. तिनं विचारलं, की हा धुरा रेडिओच होय ना? मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. ती म्हणाली, की तुले बोलाची मनाई असंन तं नको बोलू. मले कोनं मनाई केली? आणि तिनं फडातून ठणकावून सांगितलं, की आयका रे बाप्पा, तुमी धुरा रेडिओ आयकून राह्यले!

दादा, त्या दिवसापासून जो फोन करतो तो आधी रेडिओचं नाव घेतो, मग आपलं. पोरं तर तीन-तीनदा घेतात. चार वर्षांत मी घेतलं नसेल इतकं नाव एका महिन्यात घेतलं गेलं.

कमलीबाईची नात रेणू वाशीमला बी.ए. करते. ती स्वतःहून आली आणि म्हणाली, की तांड्यावरच्या लोकांची शपथपत्रं करायची तर भाषा समजणारं कोणी पाहिजे, मी फिरते. पोरगी तिखट आहे. मला म्हणाली, की ताई, तुम्ही माझ्या आजीला ‘आमची कमलीबाई’ म्हणता ते मला आवडत नाही.

‘केनवड वाणी’ नाव तू तुझ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपाला दे. रागावू नको. तुझ्या आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे, तोंडावर ठेवू नको.

वैजू

* * *

केनवड
९ फेब्रुवारी २०२५

चि. हरीओमले उकंडरावचा आशीर्वाद. सूनबाईले पन.

मी आपल्या हातानं लिवून राह्यलो, हसू नको. वैजू लिवत नाइ, इचार करून राह्यली. म्हनून मलेच भेव वाटलं.

परवा पुन्याहून गाडी आली. कंपनीची एक बाई अन् एक वकील. बाई सभ्य होती, माया पाया पडली. वैजूनं च्या केला. मी बाईले इचारलं, की धुरा म्हंजे काय हे मालूम हाय काय तुमाले? बाई खरं बोलली. म्हने, काका, नावं सुचवनारे लोक असतात, त्यायनं ढीगभर नावं देल्ले, त्यातलं हे ऐकनाऱ्याइले आवडलं. अर्थ मले आजच रस्त्यानं ड्रायव्हरनं सांगतला. मी म्हनलं, दोन वावराच्या मधातल्या बांधाले आमी धुरा म्हनतो. तठी बसून इकडचा तिकडच्यासंग बोलते, अन् तठूनच भांडन बी लागते. धुरा कोरनारा मानूस अमावस्या पाहून येते, बाई. तुमी भर दुपारी सांगून आले, हे तुमचं चांगलं हाय. बाई हासली. वकील नाइ हासला.

मंग त्यायनं कागद काढला. म्हने, वाशीम जिल्ह्यात नाव तुमचं, जिल्ह्याभाईर आमचं. दोघायनं सही कराची, भांडन खतम. ॲपवर परत लावून देतो, फक्त नावाखाली ‘वाशीम जिल्हा’ लिवा लागीन. वैजूनं कागद दोनदा वाचला अन् म्हनली, इचार करून सांगतो. तिनं तडकाफडकी नाइ म्हनलं असतं तं मले बरं वाटलं असतं. वैजू इचार करते म्हंजे काहीतरी करते.

मले कोनी इचारलं नाइ, तरी सांगतो. वावराचा तंटा असता तं मीच म्हनलो असतो सही कर. वावर कुठी जात नाइ. हे नाव मातर जाते. कुठी कुठी जाते हे मलेच मालूम नाइ. तू शिकला हाय, तू सांग.

गुडघे ठीक. हरभरा चांगला हाय. पोराईले घेऊन या, रस्ता इसरले असान तं सांगा.

तुया बाप,
उकंडराव

* * *

नागपूर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. वैजूस आशीर्वाद.

बाबांचं पत्र वाचलं. सही कर. हे मी भ्यायलोय म्हणून नव्हे, तू जिंकलीस म्हणून सांगतो. पुण्याची कंपनी गाडी करून केनवडला येते, ओसरीवर बसून नाव मान्य करते, याहून काय हवं? आपण वाशीम जिल्ह्यातली माणसं. नाव जिल्ह्यात राहिलं म्हणजे घरात राहिलं. पुढे ताणलंस आणि हरलीस, तर तेही जाईल. मग मी तुला काय तोंडानं समजावू?

साधना माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही, त्यावरून तिचं मत तुला कळेल. मी माझं मत बदललेलं नाही. रुसलीस तरी चालेल, पण माझी म्हणून रुस.

हरीओम

* * *

केनवड
२ मार्च २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. रुसले नाही. तुझं पत्र पिशवीत घातलं आणि एस.टी. धरून सरळ कर्नाटकाच्या हद्दीजवळ गेले, कमलीबाईची टोळी जिथं आहे तिथं. बाबा म्हणतात तेच मला पाहायचं होतं, की हे नाव कुठवर जातं.

उसाच्या पाचटाच्या झोपड्यांची वस्ती आहे. संध्याकाळी माणसं गाडी भरून परतली. बायकांनी चुली पेटवल्या. मग टोळीतल्या लखीरामनं आपला फोन एका रिकाम्या घमेल्यात ठेवला, म्हणजे आवाज मोठा होतो, आणि सगळे भोवती बसले. त्या दिवशीचा कार्यक्रम मी आधीच भरून ठेवला होता. माझाच आवाज घमेल्यातून येत होता आणि मी मागे बसून ऐकत होते. कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. लखीरामच्या पोरीनं सतराचा पाढा म्हटला. सतरा सत्ते तिला येईना, तशी अख्खी वस्ती ओरडली, ‘एकशे एकोणीस!’, जणू तिला तांड्यावर ऐकू जाणार होतं. लखीराम पाठ फिरवून बसला. रडत होता की हसत होता, मला कळलं नाही.

जेवणं झाल्यावर मी कंपनीचा कागद वाचून दाखवला. वाशीम जिल्ह्यात आपलं, बाहेर त्यांचं. तुझं म्हणणंही सांगितलं, प्रामाणिकपणे, की नाव जिल्ह्यात राहिलं म्हणजे घरात राहिलं. कमलीबाईनं विचारलं, की आमी जिल्ह्यात रायतो किती? पावसापान्याचे चार महिने. बाकी साल तं आमी भाईरच, ऊस सरला का इटाभट्टीवर. मंग नाव आमाले चार महिनेच काय?

दादा, तुझ्या पत्राला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. आपलं घर केनवडला आहे म्हणून आपल्याला जिल्हा पुरतो. त्यांना तो काहून पुरेल?

परत आल्यावर कंपनीला लिहून टाकलं: सही करणार नाही. आमचे श्रोते जिल्ह्यात राहत नाहीत, कामाला जातात तिथं राहतात, आणि नाव त्यांच्या मागे जाईल. पुढची भेट सुनावणीत. राजपाल वकील म्हणाले, की पत्र मला दाखवून टाकायचं होतं. मग स्वतःच म्हणाले, टाकलं ते बरं केलं, मी चार शब्द मऊ केले असते.

भीती वाटते. खोटं कशाला लिहू? रात्री नाही, दिवसा वाटते, वर्गात फळ्यावर लिहिताना. तरी लिहिणं थांबत नाही.

तुझी हट्टी आणि तुझीच,
वैजू

* * *

नागपूर
२३ मार्च २०२५

चि. वैजूस,

आशीर्वाद, आणि सोबत एक शपथपत्र. नोटरीकडून करून आणलं आहे.

लखीरामच्या पोरीचा पाढा मी तीनदा वाचला. माझी मुलगी शेजारच्या खोलीत अभ्यास करते आणि तिला कोणता पाढा येत नाही, हे मला माहीत नाही. पुढे लिहीत नाही.

तर शपथपत्राबद्दल. जुने संदेश चाळताना टाळेबंदीतला माझाच एक सापडला: ‘धुरा रेडिओ म्हणे! अँटेना धुऱ्यावरच्या बाभळीले बांधली काय?’ त्यावर तारीख आहे, नाव आहे, आणि मूर्खपणाही आहे. राजपाल वकिलांना विचारलं, हे चालेल का? ते म्हणाले, श्रोत्यांनी कौतुक केलेलं शंभर शपथपत्रांत आहे, चेष्टा केलेली एकच आहे. चेष्टा करणारा खोटं कशाला रचेल? म्हणून माझी चेष्टा सरकारदरबारी जाते आहे. आता निदान या चेष्टेबद्दल रागावू नकोस.

साधना पुन्हा बोलू लागली आहे, आणि जरा जास्तच.

तुझ्या बाजूला उभा, उशिरा का होईना,
हरीओम

* * *

केनवड
१२ ऑक्टोबर २०२५

ती. दादास, सौ. वहिनीस,

सा. न. वि. वि. फोनवर ओरडून सांगितलं तेच शांतपणे लिहिते. कंपनीनं अर्ज मागे घेतला. सुनावणी झालीच नाही. आपली शपथपत्रं त्यांच्याकडे पोचली, आणि त्यांना मात्र चॅनल काढायच्या आधीचं काही दाखवता येईना. त्या बाईंनी दोन ओळी लिहिल्या: आम्ही नाव बदलतो आहोत, तुमच्या बाबांना नमस्कार. बाबांनी उत्तर पाठवलं, की हरभऱ्याच्या दिवसात या. ॲपवर आपण परत आलो, नावाखाली कुठलाही जिल्हा नाही. आपला स्वतःचा अर्जही गेला आहे.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या आठवड्यात रेणू आली. तिला तांड्यावरून त्यांच्या गोरमाटी बोलीत रेडिओ काढायचा आहे. तिनं विचारलं, की ‘धुरा तांडा’ असं नाव घेतलं तर चालेल का? राजपाल वकिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, सांभाळा, असं इतरांना वाटत गेलात तर नाव पातळ होतं. मी रेणूला म्हटलं, घे, लिहून देते. मला वाटलं ती खूश होईल. मनातून मीही खूश होते, दादा. आपण देणारे झालो, असं वाटलं.

कमलीबाई सोबत होती. ती म्हणाली, की लिवून नको देऊ. तुयं नाव जात होतं तवा आमी तोंड भरून घेतलं, ते तुयं होतं म्हनून. आमाले आमचं नाव नाइ काय? रेणूनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दोघींचं गोरमाटीत बरंच बोलणं झालं. मला निम्मं कळलं. शेवटी नाव ठरलं: लेंगी रेडिओ.

मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. कमलीबाई आता आपल्याकडे गाणार नाही. तिची सगळी रेकॉर्डिंगं मी रेणूला दिली. आवाज तिचा, तर ती तिचीच. शिवाय त्या पोरीनं वेळही संध्याकाळी सातचीच ठरवली. मी म्हटलं, अगं, ती तर पोरांच्या हाकेची वेळ. ती म्हणाली, की आमची पोरं आता आमच्याकडेच बोलतील. निम्मे श्रोते जाणार आपले. बाबा म्हणाले, वैजू, एक नोटीस पाठवू काय? आणि इतके हसले, की खोकला लागला.

मी एकच हट्ट धरला. पुण्याहून दुसरी गाडी यायच्या आत नावाचा अर्ज करायचा. काल तिघी राजपाल वकिलांकडे गेलो. अर्ज रेणूच्या नावानं करायचा होता. कमलीबाई म्हणाली, की माया नावानं करा. पोरगी लगन करून जाईन, मी कुठी जातो? रेणू लाल झाली.

वकील एकेक विचारत लिहीत गेले. नाव, वय, तांडा. मग विचारलं, धंदा काय लिहू? रेणू म्हणाली, ऊसतोड कामगार. सगळ्या सरकारी कागदांवर तेच आहे.

कमलीबाईनं रेणूला हातानं थांबवलं. वकिलांच्या टेबलाजवळ सरकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, की गानारी लिवा.

वकिलांनी लिहिलं.

तुम्हा दोघांची, जितका लोभ आहे तितक्याच हट्टाची,
वैजयंती